डावा कौल

“चूक! मास्तर, तुमचंपण चुकलं!”

प्रणिताने पुस्तकाचं शेवटचं पान उघडून माझ्या नाकासमोर धरलं. उत्तरांच्या रकान्यात ‘ड’ होता. मी ‘अ’ म्हणालो होतो, आणि तेही छातीठोकपणे.

“छापणाऱ्याची चूक असेल,” मी म्हणालो.

“एकदा असेल. हा तुमचा चुकलेला चौथा प्रश्न आहे.”

प्रश्न अगदी साधा होता. गाडी वेळेवर सुटली, तर रमेश कचेरीत वेळेवर पोचतो. आज रमेश वेळेवर पोचला. यावरून नक्की काय सांगता येईल? मी म्हणालो, गाडी वेळेवर सुटली. कोणीही शहाणा माणूस हेच म्हणेल. पुस्तक म्हणत होतं, ‘नक्की काहीच सांगता येत नाही.’

एकतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. ‘काही सांगता येत नाही’ असं उत्तर ज्याने दिलं त्याला मी बाकावर उभं केलं. आता ते उत्तर बरोबर म्हणून छापून आलं होतं, आणि आयुष्यभर बाकावर उभी केलेली पोरं माझ्या डोळ्यांसमोर येऊन हसायला लागली होती.

“रिक्षाने आला असेल तो,” आतून आवाज आला.

सरोज, माझी बायको, स्वयंपाकघरात कुळीथ निवडत होती. तिने पुस्तकाकडे पाहिलंही नव्हतं.

“काकी, परत सांगा,” प्रणिता म्हणाली.

“परत काय सांगू? गाडी चुकली तर माणूस घरी बसतो काय? रिक्षा असते, शेजाऱ्याची मोटारसायकल असते. रमेश पोचला म्हणजे गाडीनेच पोचला, असं कुठे लिहिलंय? तुम्ही दोघं त्या गाडीलाच धरून बसलाय.”

प्रणिताने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसायला घेतला.

ही तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेरवळ गावात दाजी राऊळांची भाताची गिरण होती, प्रणिता त्यांची एकुलती एक मुलगी. ती सहावीत असताना आई गेली, तेव्हापासून घरात दोघंच. तिला वकील व्हायचं होतं. त्यासाठी बारावीनंतर एक प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यात हे असले तर्काचे प्रश्न असतात. त्याचा क्लास आमच्या तालुक्यात नव्हता. म्हणून तिने पुण्याहून पोस्टाने पुस्तक मागवलं आणि ते घेऊन सरळ माझ्या पडवीत येऊन बसली. मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. पोरांशिवाय दिवस खायला उठायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. तिला ते पहिल्याच दिवशी कळलं.

मग आम्ही दोघंही शिकू लागलो. रमेश आणि त्याची गाडी आम्ही बाजूला ठेवली. आपलं काहीतरी घेऊ, मी म्हटलं, डोळ्यांसमोरचं.

“तुमच्या गिरणीचं घे. गिरण चालू असेल, तर दाजी गावात आहे. बरोबर?”

“बरोबर. दुसऱ्या कोणाला ती चालवताच येत नाही.”

“आता सांग. दाजी गावात आहे. मग गिरण चालू?”

ती उत्तर द्यायला निघाली आणि थांबली. “नाही... लाईट गेली असेल. पट्टा तुटला असेल. बाबा जेवून आडवे झाले असतील.”

“बरं. दाजी गावात नाही.”

“मग गिरण बंद. नक्की बंद!”

“आणि गिरण बंद आहे, तर?”

“तर काहीच सांगता येत नाही!” ती उडीच मारायची बाकी होती. “मास्तर, बाण एकाच बाजूला जातो. आपण तो उलटा वाचत होतो.”

त्या दिवसापासून माझ्या पडवीवर खडूचे बाण उमटायला लागले. सरोज त्यांच्यावरून केरसुणी फिरवायची आणि म्हणायची, “गिरण झाडली. आता दाजी कुठे आहे ते तुम्ही शोधा.”

बाण झाले, मग युक्तिवाद सुरू झाले. माणूस काय ठरवून बसलाय, आणि ते कशाच्या जोरावर म्हणतोय, हे दोन वेगळे काढायचे. पुस्तकातले उतारे संपल्यावर प्रणिता गावावर घसरली. नाक्यावरचा दुकानदार म्हणाला, “चांगलो साबण महाग असता. ह्यो महाग आसा. म्हणजे चांगलो.” ती म्हणाली, “काका, तुमचा बाण उलटा गेला.” त्याने माझ्याकडे तक्रार केली की तुमची विद्यार्थिनी मला बाण मारते. मला फार बरं वाटलं.

मार्च महिन्यात एका संध्याकाळी दाजी आला. अंगभर भाताचा कोंडा, हातात उकड्या तांदळाची पिशवी. उंबऱ्यावरच बसला.

“मास्तरांनू, एक इचारूचा होता. माझां चेडू, प्रणिता, ह्या शिकान काय होतला?”

मी शाळेत पुस्तकी बोलायचो, पण दाजीशी बोलताना जीभ आपोआप मालवणीवर यायची. “वकील होतला.”

“खय?”

“पुण्याक कॉलेज आसा. पाच वर्सां.”

“आणि मगे?”

“मगे काय? परत येतला! कुडाळाक कोर्ट आसा, वेंगुर्ल्याक कोर्ट आसा. हयच्या लोकांक वकील नको काय? गावचां चेडू गावात वकिली करतला. तू गिरणीत बस, तां कोर्टात बसतला. सांजेक दोघांय एका ताटात जेवा.”

दाजीच्या चेहऱ्यावरचा कोंडा जरा हलला. तो हसला असावा. “येतला मां पण परत?”

“येतला म्हणजे! नक्की.”

तो उठला. माझ्या नको-नको म्हणण्याकडे लक्ष न देता पिशवी सरोजकडे देऊन गेला.

परीक्षा झाली. जूनच्या अखेरीला यादी लागली आणि पुण्याच्या एका चांगल्या कॉलेजात प्रणिताचा नंबर लागला. पाच दिवसांत जाऊन प्रवेश घ्यायचा होता. सरोजने शिरा केला. प्रणिता धावत गिरणीत गेली आणि अर्ध्या तासात हळूहळू चालत परत आली.

“काय झालं?”

“बाबा म्हणतात, देवाला विचारूया.”

आमच्याकडे कुठलंही मोठं काम देवाला विचारल्याशिवाय होत नाही. घर बांधायचं असो, विहीर खणायची असो, रवळनाथाच्या देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर डावीकडे आणि उजवीकडे पिटकुळीच्या ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे वाट बघतात. उजवी कळी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नाही. आणि एकदा पडलेला कौल पुन्हा विचारायचा नाही. माझा विश्वास आहे की नाही, हे मला कोणी विचारू नये. माझ्याही घराची जागा तशीच ठरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवळात गेलो. दाजी धुतलेला सदरा घालून, नारळ हातात धरून. प्रणिता त्याच्या मागे. मी खांबाला टेकून. भिकू गुरव आधीच कळ्या भिजवून बसला होता. दाजी त्याच्या कानाशी बराच वेळ काहीतरी सांगत होता. भिकूने मान खाजवली, पण हो म्हणाला.

“बा देवा रवळनाथा,” भिकूने सुरुवात केली, “तुझो हो राऊळ आज तुझ्या पायाकडे इलो हा. तेचां चेडू पुण्याक शिकाक जातला आणि शिकान परत आपल्या घराक येवन रवतला, असां जर तुझ्या मनात आसात, तर उजवो दी. नसात, तर डावो दी. पण लेकरांक अंधारात ठेव नको, म्हाराजा!”

“होय म्हाराजा,” आम्ही म्हणालो.

देवळात समईची वात तेवढी हलत होती. कुठूनतरी एक मांजर येऊन दाजीच्या नारळाचा वास घेऊन गेलं. पाच मिनिटं गेली असतील. कळी पडली.

डावी.

दाजीने हात जोडले. बराच वेळ जोडलेलेच ठेवले. मग नारळ भिकूसमोर ठेवला आणि उठला. “झाला,” तो म्हणाला. “देवान सांगल्यान. जावचा नाय. चल गो घराक.”

मी प्रणिताकडे पाहिलं. ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. ती उठलीच नाही. जमिनीवर बोटाने काहीतरी ओढत होती.

“भिकूकाका,” ती म्हणाली, “तुमी देवाक काय इचारल्यात?”

“ऐकलंस मां तू?”

“परत सांगा.”

भिकूने सांगितलं. पुण्याला जाईल आणि परत येऊन घरी राहील.

“म्हणजे दोन गोष्टी इचारल्यात.”

“एकच इचारलंय गो. बापसान सांगल्यान तशी.”

“दोन. जातला ही एक. परत येवन रवतला ही दुसरी. देवान डावो दिल्यान तो दोनय एकत्र होवच्याक. नुसत्या जावच्याक नाय.”

“प्रणिता,” दाजी म्हणाला, “देवळात हुज्जत नको.”

“हुज्जत नाय बाबा. मी इचारतंय.” ती भिकूकडे वळली. “काका, तुमचे दोनय झिल मुंबयक आसत?”

“नाय. थोरलो आसा. धाकटो हय, माका मदतीक.”

“म्हणजे थोरलो मुंबयक नाय?”

“आसा म्हणान सांगतंय मां!”

“पण मी इचारलंय, दोनय आसत काय, तर तुमी नाय म्हणालास.”

“दोनय नाय म्हणालंय! एक नाय म्हणान दुसरो पण नाय, असां कसां...” भिकूचं तोंड उघडंच राहिलं. त्याने कळ्यांकडे पाहिलं, मग देवाकडे, मग दाजीकडे. “दाजी, मी तुका म्हटलंय होतां. एका कौलात एकच गोष्ट घालूची. माझो आजो असोच सांगी. तू म्हणालंस, दोनय घाल.”

“तां माका ठाव नाय,” दाजी म्हणाला. “कौल पडलो. पडलेलो कौल परत इचारूचो नाय. ह्यां तरी खरां मां?”

“ह्यां खरां,” भिकू म्हणाला.

मी खांब सोडून पुढे आलो. बोलायला तोंड उघडलं, पण प्रणिताने हात वर केला. एकतीस वर्षांत कोणा विद्यार्थ्याने मला हाताने गप्प केलं नव्हतं. मी गप्प झालो.

“खरां,” ती म्हणाली. “इचारलेलो परत इचारूचो नाय. पण नुसता जावचा काय, ह्यां देवाक अजून कोणीच इचारूक नाय. इचारलांच नाय, तर परत इचारतंय असां कसां म्हणतलास? ह्या तर पैल्यांदाच.”

गुरवाचं घर तीन पिढ्या कौल लावत होतं आणि तीन पिढ्यांत कोणी असं बोललं नसावं. भिकूने डोकं खाली घातलं. तो रागावला, असं मला वाटलं. तो विचार करत होता.

“दाजी,” तो शेवटी म्हणाला, “चेडवाचां खरां आसा. चूक माझी. देवाक अर्धवट इचारलां तर देव तरी काय सांगतलो? बस खाली.”

“पण भिकू...”

“बस म्हणतंय मां. हय गुरव मी की तू?”

दाजी बसला. भिकूने पाषाण ओल्या फडक्याने पुसला, नव्या कळ्या निवडल्या आणि डावी-उजवीकडे लावल्या. ह्या वेळी गाऱ्हाणं छोटं होतं. “म्हाराजा, आमचां काय चुकला आसात तर पदरात घी. चेडू पुण्याक शिकाक जातला, असां तुझ्या मनात आसात, तर उजवो दी.”

दाजी डोळे मिटून बसला होता. प्रणिता डोळे न मिटता.

उजवी कळी अशी टपकन पडली की भिकूने “होय म्हाराजा” म्हणायच्या आधीच मी म्हणून मोकळा झालो.

प्रणिताने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग ते हात खाली आले आणि खरोखरच लहान पोरीसारखी ती हसली. भिकूने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “वकील झालंस गो तू आदीच! हयच फी घी माझ्याकडसून.” मी हसलो. तोही हसला. तो हसतहसतच आणखी दोन कळ्या उचलू लागला.

“आता दुसरो प्रश्न उरलो. परत येवन रवतला काय तां. तोय लावन टाकूया, दाजीच्या जीवाक शांती...”

प्रणिताचं हसू थांबलं.

मला आधी कळेना काय झालं. ती भिकूच्या हातातल्या कळ्यांकडे पाहत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. मग, नेहमीसारखा उशिरा, माझ्याही डोक्यात बाण लागला. दोन्ही गोष्टी एकत्र होणार नाहीत, हे देवाने आधी सांगितलं होतं. आता पहिली होणार, असं सांगितलं. तिने स्वतःच ते दोन प्रश्न वेगळे केले होते. वेगळे केले नसते, तर...

“नको लावू,” दाजी म्हणाला.

भिकूचा हात हवेत थांबला. “कित्याक रे?”

“नको म्हणतंय.” दाजी शांतपणे बोलत होता. गिरणीच्या आवाजात आयुष्य गेलेला माणूस, एरवी ओरडूनच बोलायचा. “आदी तेणां सांगल्यान, दोनय होवचां नाय. आता सांगल्यान, जातला. मगे मागे रवला काय? परत इचारून देवाक त्रास कित्याक?”

दाजी सातवीपर्यंत शिकला होता. सातवीला मीच होतो त्याला.

“दाजी,” मी म्हणालो, “कौल म्हणजे काय अगदी...”

“मास्तरांनू, तुमी म्हणाललास परत येतला.”

मी म्हणालो होतो. नक्की, असंही म्हणालो होतो. कशाच्या जोरावर, ते त्याने मला विचारलं नव्हतं, आणि मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. गावात कोर्ट आहे म्हणून मुलगी परत येईल. पडवीत बसून चार महिने मी तिला असल्याच उताऱ्यांतल्या चुका काढायला शिकवत होतो.

“मगे मी जाणंय नाय,” प्रणिता म्हणाली. “बाबा, मी नाय जाणंय. हयच ऱ्हवतंय.”

“गप.” दाजीने तिचा हात धरून तिला उठवलं. “देवान उजवो दिल्यान. तुझ्यासाठी देवाकडे भांडलंस, आता माझ्यासाठी कौल मोडतंस? भिकू, नारळ फोड.”

भिकूने नारळ फोडला. बाहेर पायरीवर येऊन आम्ही चपला शोधल्या. प्रणिता डोळे पुसत होती आणि पुसलेले पुन्हा भरत होते.

“मी येतलंय बाबा परत,” ती म्हणाली. “देवाचां काय ठाव नाय. मी येतलंय.”

“येतलंस गो.” दाजीने खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. “मे म्हयन्यात येतलंस. चार दीस रवतलंस, आंबे खातलंस, आणि पेटी घेवन जातलंस. इतक्या गणित माका येता. चल, गिरणीकडे लोक भात घेवन बसले आसत.”

प्रणिता आता पुण्यालाच वकिली करते. दर मे महिन्यात येते. पहिली दोन-तीन वर्षं खरंच चार दिवस राहिली. हल्ली बारा-पंधरा दिवस राहते, कारण दाजी रोज सकाळी तिला सांगतो की आंबे अजून पिकले नाहीत, आणि आंबे न घेता जायचं नाही. घर आढीच्या वासाने घमघमत असतं. कोर्टात भल्याभल्यांना गप्प करणारी बाई, पण या युक्तिवादात तिला आजवर एकही चूक सापडलेली नाही.